१९७१ चे वडील, साथीदारांच्या नावांची वही आणि आई गेल्यानंतरचं वर्ष

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. थोडक्यात असा, की अण्णा आता ७७ चे, मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमधले, ७१ च्या युद्धात आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला होते. गेल्या वर्षी आई गेली आणि तेव्हापासून रोज पहाटे जुनी वही काढून लढाईत गेलेल्या साथीदारांची नावं मोठ्यानं वाचतात, त्यातल्या एकाच्या गावी जायचंय म्हणतात, दिल्लीला युद्ध स्मारकाच्या भिंतीवरची नावं बघायचीत म्हणतात. भाऊ म्हणतो डोक्यावर परिणाम झालाय, डॉक्टर म्हणतात दगदग नको, आणि तुम्हाला कळेना अडवायचं का न्यायचं.

न्या. हे माझं उत्तर, आता सविस्तर लिहितो. मी स्वतः पलटणीतून सुभेदार म्हणून पेन्शन आलो आणि नंतर बरीच वर्षं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटक होतो, म्हणजे माजी सैनिक आणि वीरपत्नींच्या घरी जाऊन कागद बघणं, पेन्शनचं अडलेलं सोडवणं हेच काम. त्यामुळे ६२, ६५, ७१ च्या युद्धांतली म्हातारी माणसं मी खूप जवळून बघितलीत, आणि बायको गेल्यावर पलटणीतल्या जुन्या साथीदारांची नावं वर येणं हे इतक्या घरांत पाहिलंय की मला त्यात वेडबिड काही दिसत नाही.

का होतं ते सांगतो. फौजी माणूस लढाईतलं घरात बोलत नाही, पोरांसमोर तर नाहीच. पण एका माणसाला सगळं माहीत असतं, ती म्हणजे बायको. रात्री दचकून उठला की पाणी देणारी तीच, डिसेंबर आला की गप्प का होतो हे ओळखणारी तीच, "आज त्याचा दिवस ना" म्हणणारी पण तीच. तुमच्या आईनं ७१ चा डिसेंबर रेडिओला कान लावून आणि तारवाला कुणाच्या दारात थांबतोय ते बघत काढला असणार, त्या पिढीतल्या सगळ्या फौजी घरवाल्यांनी तसाच काढला. ती गेली म्हणजे अण्णांची बायको तर गेलीच, पण ती नावं ज्याला माहिती होती असा घरातला एकुलता एक माणूस पण गेला. मग ती नावं आता कुणाला सांगायची? म्हणून मोठ्यानं वाचतात. तुम्ही लिहिलंय "आईचं नाव कधी काढत नाहीत, त्या लोकांचीच काढतात", त्याचं तुम्हाला वाईट वाटलंय हे दिसतंय. ताई, माझ्या मते ते आईचंच दुःख आहे, फक्त ज्या वाटेनं त्यांना रडता येतं त्या वाटेनं बाहेर पडतंय.

दुसरी गोष्ट आजच्या पोरांना माहीतच नसते. ६२, ६५, ७१ ला लढाईत पडलेल्या जवानाचा देह घरी आणायची पद्धतच नव्हती. तिकडेच, जिथं पडला त्या भागात, पलटणीच्या लोकांनी जमेल तसे अंत्यसंस्कार करायचे आणि पुढं चालू पडायचं, कारण पुढचं ठाणं वाट बघत असायचं. घरी यायची ती तार, नंतर पत्र, नंतर एक ट्रंक. तिरंग्यातली पेटी गावात येणं, हजारो माणसं, बिगुल, हे आपण सर्रास बघायला लागलो ते १९९९ च्या कारगिलपासून. म्हणजे अण्णांच्या वहीतल्या बहुतेकांच्या घरच्यांनी तोंड बघितलं नाही, आणि अण्णांनी बघितलं पण बसून रडायला वेळ मिळाला नाही. दोन्हीकडचं तसंच अर्धवट राहिलंय. त्याच्या गावी जायचंय हा हट्ट तिथून येतो, ते काम राहिलंय आणि वय ७७ आहे हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

आता जमालपूर काय होतं ते तुम्हाला माहीत पाहिजे, नाहीतर ते काय बोलतायत त्याचा अर्थ तुम्हाला लागायचाच नाही. ९५ माउंटन ब्रिगेड उत्तरेकडून ढाक्याकडं निघाली होती, ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर कमांडर, आणि पहिली मराठा म्हणजे जंगी पलटण, तिचे सीओ म्हणजे पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार, जे नंतर जनरल झाले. जमालपूरला पाकिस्तानची ३१ बलुच पलटण पक्के मोर्चे बांधून बसली होती. आपल्या लोकांनी ब्रह्मपुत्रा ओलांडून मागून जाऊन ढाक्याचा रस्ताच अडवला. क्लेर साहेबांनी मुक्तिवाहिनीच्या, म्हणजे बांगलादेशी स्वातंत्र्यसैनिकांच्या, माणसाच्या हाती चिठ्ठी पाठवली, शरण या म्हणून, तर बलुचच्या सीओनं, कर्नल सुलतान अहमदनं, उत्तरात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. मग १० डिसेंबरच्या रात्री ती लोकं फोडून बाहेर पडायला निघाली ती थेट मराठ्यांच्या अडवलेल्या रस्त्यावर, रात्रभर तिथं जे झालं ते झालं, सकाळी जमालपूर पडलं. त्याच दिवशी दुपारी टांगाईलला दुसऱ्या पॅरा बटालियनचे लोक विमानातून छत्रीनं उतरले, पुंगली पुलाजवळ, आणि आपली पलटण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना जाऊन मिळाली. १६ ला ढाका. जमालपूर हा त्या पलटणीचा बॅटल ऑनर, म्हणजे लढाईच्या नावाचा अधिकृत मान आहे.

हे मी का लिहिलं, तर अण्णांना "युद्ध कसं होतं हो?" असं कधी विचारू नका, त्याला उत्तर नसतं, ते गप्प होतील नाहीतर शाळेतल्या भाषणासारखं दोन वाक्यं बोलतील. त्याऐवजी विचारा, नदी ओलांडली तेव्हा थंडी किती होती, लंगराचं जेवण मागं राहिलं तेव्हा खाल्लं काय, रात्री खड्डा कुणाबरोबर खणला. छोटं विचारलं की मोठं आपोआप येतं. समोर खुर्ची टाकून मुलाखत घेतल्यासारखं बसू नका, शेजारी बसा, शेंगा सोलत बसा, भाजी निवडत बसा, हात कामात असले की ही माणसं बोलतात. मोबाइलवर रेकॉर्डिंग करा पण आधी सांगून, आणि मध्येच "अण्णा मागच्या वेळी तर दुसरं सांगितलं होतं" असं म्हणायचं नाही, पन्नास वर्षांत आठवणी थोड्या सरकणारच, तुम्हाला काही कोर्ट मार्शल चालवायचं नाहीये.

वहीचं आधी करा. प्रत्येक पानाचा उजेडात फोटो काढून ठेवा, शाई उडत जाते. वहीत काही सुधारू नका. वेगळ्या कागदावर प्रत्येक नावापुढं आर्मी नंबर, रँक, कंपनी, गाव, तालुका, कधी पडला हे अण्णांना विचारून लिहा, जेवढं आठवेल तेवढं. आर्मी नंबर सगळ्यात महत्त्वाचा, कारण आपली मराठी नावं इंग्रजीत प्रत्येक क्लार्कनं वेगळ्या स्पेलिंगनं लिहिलीत, शिंदे चार प्रकारे, घोरपडे पाच प्रकारे, आणि एकाच पलटणीत एकाच नावाचे दोघंतिघं तर असायचेच. नंबर एकाचाच असतो.

मग गाव शोधायचं. वहीतलं गाव पन्नास वर्षांपूर्वीचं आहे, घर मुंबईला गेलं असेल, धरणात उठलं असेल. सरळ त्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात फोन करा किंवा अर्ज द्या, त्यांच्याकडे वीरपत्नी, वीरमाता-पिता यांची यादी असते. पत्ता तुम्हाला थेट देतीलच असं नाही आणि देऊ पण नये, पण तुमचा निरोप त्या घरापर्यंत पोचवतात. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आणि रेकॉर्ड ऑफिस आहे, तिथं पण लिहा. दुसऱ्या कुणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी, तोफखान्याचं रेकॉर्ड नाशिक रोड कॅम्पला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, रणगाडेवाल्यांचं नगरला.

निरोप पोचल्याशिवाय आणि तिकडून "या" आल्याशिवाय जाऊ नका. हे मी ठासून सांगतोय. अचानक दारात एक म्हातारा उभा राहून "मी तुमच्या नवऱ्याबरोबर होतो" म्हणाला तर त्या बाईवर काय गुदरेल याचा विचार करा. ती पण आता पंचाहत्तरीची. त्या काळात विशी-बाविशीत विधवा झालेल्या कितीतरी जणींचं दिराशी लग्न लावून दिलं गेलं, कुणी माहेरी गेली, कुणाचा सासरशी पेन्शनवरून वाद झाला. हे सगळं त्या घरात असू शकतं. तुम्ही जाऊन "मग पुढं तुमचं कसं झालं" विचारायचं नाही. त्यांनी सांगितलं तर ऐकायचं.

एक प्रसंग सांगतो. एका रिटायर हवालदारांना घेऊन मी माण तालुक्यात एका वीरपत्नीकडं गेलो होतो, त्यांच्याच सेक्शनमधला जोडीदार ७१ ला गेलेला. पोहे झाले, चहा झाला, दोघं एकमेकांकडं बघायलाच तयार नाहीत. मग त्या मावशी आत गेल्या आणि पत्र्याची पेटी घेऊन आल्या, त्यात जुनी फौजी पत्रं, मार्फत ९९ एपीओ या फौजी टपालाच्या पत्त्याची, घड्यांवर फाटलेली. हवालदारांनी चष्मा लावला, पहिलंच पत्र हातात घेतलं आणि म्हणाले, "अहो वहिनी, हे अक्षर माझं आहे." त्यांच्या जोडीदाराला लिहिता येत नव्हतं, सगळी पत्रं हेच लिहून द्यायचे. त्यांच्या हे पार डोक्यातून गेलं होतं. मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग एकेक पत्र पुढं ठेवून विचारायला लागल्या, ह्यातलं त्यांचं कुठलं आणि तुमचं कुठलं? "चि. बाळास गोड गोड मुका" हे कुणी घातलं? हवालदार म्हणाले ते त्यानंच सांगितलेलं, पण खाली "शेताची काळजी करू नये, ईश्वर समर्थ आहे" हे माझं, कारण कागद अर्धा कोरा राहिला होता. मावशी अशा हसल्या की सुना आतून बघायला आल्या. म्हणाल्या, मला वाटायचंच, हा माणूस ईश्वराचं नाव कधी घेत नव्हता आणि फौजेत जाऊन एवढा देवभोळा कसा झाला! सगळी दुपार तेच चाललं. कसा मेला हे शेवटी विचारलं, ते पण आम्ही निघताना, उंबऱ्यात.

आणि त्याचं उत्तर काय द्यायचं हे अण्णांशी आधी बोलून ठेवा. खोटं सांगू नये, पण सगळं सांगायची पण गरज नसते. कुठं होता, कुणाबरोबर होता, काय करत होता, जवळ कोण होतं, अंत्यसंस्कार कुणी केले, एवढं सांगितलं की घरच्यांचं समाधान होतं. जखम कशी होती, किती वेळ तळमळला, हे विचारल्याशिवाय नाही. विचारलं आणि अण्णांच्या तोंडून निघेना तर तुम्ही मध्ये बोलून विषय मिटवू नका, दोघांना वेळ द्या. सोबत घरातली पोरंटोरं, शेजारपाजार, सरपंच, मोबाइलवर लाइव्ह करणारा भाचा असं लटांबर नेऊ नका. तुम्ही आणि अण्णा, झालंच तर गाडी चालवायला भाऊ.

भावाला सांगा की हे खूळ वाटत असेल तर ब्रिगेडियर खेत्रपाल यांचं ऐकून ठेव. परमवीर चक्र मिळालेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, जन्म पुण्याचा, पूना हॉर्स या रणगाड्यांच्या पलटणीत, १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत गेले, वय २१. वडील स्वतः फौजी, ब्रिगेडियर. ते २००१ मध्ये, ८१ व्या वर्षी, आपलं जन्मगाव सरगोधा बघायला पाकिस्तानात गेले. लाहोरला ज्यांच्याकडं उतरले ते पाकिस्तानी ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासर, त्यांनी खूप पाहुणचार केला आणि शेवटच्या रात्री सांगितलं की बसंतरला तुमच्या मुलावर गोळा माझ्या रणगाड्यानं डागला होता. म्हणजे मुलगा कसा लढला हे बापाला तीस वर्षांनी, मारणाऱ्याच्याच तोंडून, आदरानं ऐकायला मिळालं. मला त्यात माफीबिफीपेक्षा हे जास्त दिसतं की दोन म्हाताऱ्या फौजींना ते मनात ठेवून मरायचं नव्हतं. अण्णांचं काम याच्यापेक्षा किती सोपं आहे बघा, शेजारच्या तालुक्यात तर जायचंय.

आता तब्येतीचं. डॉक्टरांचं "दगदग नको" म्हणजे नेमकं काय ते विचारा. दर तासाला गाडी थांबवून दोन तासांचा प्रवास चालेल का, दुपारची झोप चुकली तर चालेल का, जिने किती, असं विचारलं की डॉक्टर पण नीट उत्तर देतात. बहुतेक वेळा प्रवास जमतो, जत्रा जमत नाही.

डिमेंशियाचं भाऊ म्हणतो ते सरसकट उडवून पण लावू नका. लोकांचा एक गैरसमज असतो, की ७१ चं सगळं नंबरासकट आठवतंय म्हणजे डोकं शाबूत आहे. तसं नसतं, जुनं पक्कं राहतं आणि आजचं निसटतं, हेच त्या आजाराचं लक्षण असू शकतं. सकाळी जेवलो का, गोळी घेतली का, गॅस बंद केला का, रोजच्या रस्त्यावर चुकतात का, हे बघा. ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकला नेऊन तपासून घ्या, व्हिटॅमिन बी-ट्वेल्व्ह, थायरॉइड, आणि कान. कान मुद्दाम सांगतो. मशीनगन, मॉर्टर जवळून ऐकलेल्या माणसांचे कान म्हातारपणी लवकर जातात, आणि घरचे म्हणतात अण्णा कशात लक्षच घालत नाहीत, एकटे पडलेत. अहो, त्यांना ऐकूच येत नाही! कानाचं मशीन लागल्यावर "डिप्रेशन" निम्मं उतरलेली माणसं पाहिलीत मी.

खरंच काळजी करायची लक्षणं वेगळी. जेवण तुटणं, अंघोळ सोडणं, रात्री ओरडत उठणं, आणि फौजी कॅन्टीनची दारूची बाटली. फौजी माणसाला संध्याकाळचा एक पेग ही सवय असते, आई होती तेव्हा तिनं बाटली कपाटात ठेवून मापात दिली असेल, आता माप कोण ठेवणार. भांडण न करता महिन्याचा कोटा कुठं जातोय एवढं बघा. दुसरं, घरात लायसनची बारा बोअर बंदूक असेल, बऱ्याच माजी सैनिकांकडं असते, सिक्युरिटीची नोकरी करताना घेतलेली, तर सध्या ती भावाकडं पण नको, पोलीस स्टेशनला किंवा लायसन असलेल्या गन डीलरकडं रीतसर जमा करून पावती घ्या. आणि अण्णा "माझं काम झालं", "आता मी पण त्यांच्यात जातो" असं बोलायला लागले, वस्तू वाटायला लागले, तर म्हातारपणाचं बोलणं म्हणून सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. सरळ विचारा त्यांना, "अण्णा, जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्यानं विचार डोक्यात घुसत नाही, असला तर बाहेर पडतो.

फटाक्यांचं दिवाळीत जमलं तर बघा, गल्लीतल्या पोरांना सुतळी बॉम्ब दोन घरं लांब वाजवायला सांगा, एवढं ऐकतात पोरं.

सत्कारांचं मात्र माझं मत जरा तिखट आहे. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, १६ डिसेंबर आला की शाल, श्रीफळ, फोटो, पाहुण्यांचं लांबलेलं भाषण, उन्हात दोन तास खुर्चीवर आणि शेवटी कुणीतरी पोरगं विचारतं, "आजोबा तुम्ही किती मारले?" बोलवा, पण आधी मास्तरांना सांगून ठेवा हा प्रश्न नको. आणि शाळेनं अण्णांचा सत्कार करण्यापेक्षा अण्णांना वहीतली नावं वाचू द्यावीत, मुलं उभी राहतील, झालं. आपल्याकडं सातारा-कोकणात कितीतरी गावांत पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत, ह्या गावातून एवढे गेले, त्यातले एवढे परत आले नाहीत. आकडा आहे, नावं नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावातले ४६ जण त्या युद्धात गेले, गावानं त्याची आठवण शंभर वर्षं धरून ठेवली म्हणून ते माहीत तरी आहे. बाकीच्या गावांत पाटीवर जाहिरात चिकटवलेली असते. अण्णांच्या वहीत नावं आहेत ताई, त्याची किंमत समजून घ्या.

घरच्या घरी काय करता येईल म्हणाल, तर तुमच्याकडं पितृपक्ष पाळत असाल तर त्यातच सोय आहे. अविधवा नवमी ही नवऱ्याआधी गेलेल्या बाईची, म्हणजे आईची. आणि चतुर्दशी ही शस्त्रानं, घातानं गेलेल्यांची, पंचांगात शस्त्रादिहत म्हणून लिहिलेलं असतं. पाच दिवसांच्या अंतरानं दोन्ही येतात. नवमीला आईचं पान वाढा आणि चतुर्दशीला अण्णांना त्यांच्या लोकांची नावं घेऊन पाणी सोडू द्या, गोत्र माहीत नाही म्हणून गुरुजी अडून बसले तर गुरुजी बदला. वहीत कुणी मुसलमान असेल, बौद्ध असेल, तर त्याचं नाव पण अण्णा घेणारच, घेऊ द्या, पलटणीत ते वेगळं नव्हतं. आईच्या वर्षश्राद्धाला आसपासच्या फौजी विधवांना जेवायला बोलवा. पेन्शनच्या आणि कॅन्टीनच्या रांगेत त्या आईबरोबर उभ्या राहिल्यात, त्यांच्याकडं आईच्या ज्या गोष्टी असतील त्या तुम्हाला पण माहीत नसतील, आणि अण्णा तिथं आईचं नाव काढतील असं मला वाटतं.

जायच्या जागा. पहिलं पुणे कॅम्पातलं राष्ट्रीय युद्ध स्मारक, लोकांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं, तुम्ही पुण्यातच आहात तर सकाळी लवकर, गर्दी नसताना न्या, तिथं अण्णांचा दम किती टिकतो ते पण कळेल. मग बेळगाव. सेंटरला आधी पत्र किंवा फोन करून, माजी सैनिक ओळखपत्र घेऊन जायचं. तिथं स्मारकावर फूल वाहिलं, रंगरुटांच्या तोंडून "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" ऐकलं की म्हातारे असे ताठ होतात की काठी आपल्या हातात राहते. पलटणीच्या माजी लोकांचे व्हॉट्सॲप ग्रुप असतात, तिथं कुणीतरी अजून हयात असलेला जमालपूरवाला सापडेल, मग गाव-बेळगाव-दिल्ली सगळ्यापेक्षा तो एक फोन जास्त कामाचा. बाहेरगावी मुक्काम लागला तर जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिकी विश्रामगृह असतं, स्वस्त पडतं, आणि तिथला चौकीदार पण माजी सैनिकच असतो, अण्णांची रात्र गप्पांत जाते.

कागदाचं एक, कारण दुःखात हे राहून जातं. आईचा मृत्यू दाखला लावून स्पर्श या फौजी पेन्शनच्या वेबसाइटवर आणि रेकॉर्ड ऑफिसला कळवलंय का? अण्णांची पेन्शन त्यामुळे कमी होत नाही, पण पीपीओमध्ये, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, पुढची फॅमिली पेन्शन आईच्या नावावर आहे. घरात कुणी दिव्यांग भाऊ-बहीण किंवा वडिलांवर अवलंबून असलेली विधवा, घटस्फोटित बहीण असेल तर तिचं नाव अण्णा हयात असतानाच नोंदवून घ्या, नंतर फार चपला झिजतात. आईचं ईसीएचएस कार्ड परत करा. आणि नोव्हेंबरातला हयातीचा दाखला, त्याची आठवण इतकी वर्षं आईच करत असणार, आता ती तुमच्या मोबाइलच्या कॅलेंडरवर टाका.

दिल्लीचं सगळ्यात शेवटी. इंडिया गेटजवळचं राष्ट्रीय समर स्मारक, २५ फेब्रुवारी २०१९ ला उघडलं, तिकीट नाही. गोल गोल चार चक्रं आहेत, त्यातल्या त्याग चक्राच्या भिंतींवर ग्रॅनाइटच्या विटा, एका विटेवर एक नाव, स्वातंत्र्यानंतर गेलेल्या पंचवीस हजारांहून जास्त जवानांची. नाव शोधायला तिथं मशीन आहेत, वेबसाइटवर पण शोधता येतं. संध्याकाळी रोज कुणा एका शहीद जवानाच्या घरच्यांच्या हस्ते पुष्पचक्र वाहतात, म्हणजे अण्णांच्या जोडीदाराच्या घरच्यांशी सूत जुळलं तर त्यांना पण बरोबर न्यायचं डोक्यात ठेवा. चालणं बरंच आहे, व्हीलचेअर घ्या, अण्णा नको म्हणतील तरी बरोबर असू द्या. डिसेंबरातच जायचं असा त्यांचा हट्ट असेल पण दिल्लीची डिसेंबरची हवा ७७ च्या छातीला बरी नाही, फेब्रुवारी-मार्च बघा. आणि तिकीट काढायच्या आधी घरी बसून, नंबर घेऊन, वहीतली सगळी नावं वेबसाइटवर तपासून घ्या, स्पेलिंग उलटसुलट करून. एखादं नाही सापडलं तर रेकॉर्ड ऑफिसला लेखी कळवा आणि उत्तर येईपर्यंत अण्णांना सांगून ठेवा की एकाचं नाव अजून शोधतोय. तिथं भिंतीसमोर उभं राहून ते त्यांना कळायला नको.